नेमकं अडलं कुठं?

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या नगर जिल्ह्यात, ‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य न ऐकलेला माणूस सापडणं अवघड. सातबारा काढायला जा, रेशनला अंगठा लावायला जा, पीकविमा भरायला जा, उत्पन्नाच्या दाखल्याला जा. खिडकीपलीकडून हे वाक्य आलं, की आधार कार्ड आणि कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊन आलेला माणूस मुकाट ओट्यावर जाऊन बसतो. भांडायचं तरी कोणाशी? या सर्व्हरला कोणी पाहिलेलं नाही. तो मुंबईला असतो, एवढीच काय ती माहिती.

माझा धंदा केबल ओढण्याचा. शेवगावात वाढले, पुण्यात हार्डवेअर-नेटवर्किंग शिकले आणि नगरला येऊन पतसंस्था, दूध संघ, शाळा-कॉलेजांमध्ये लॅन टाकायला लागले. शिडीवर चढून छतालगत केसिंग-पट्टी ठोकणारी बाई बघायला सुरुवातीला लोक थांबायचे. पुढं त्यांनाही कंटाळा आला. पतसंस्थांच्या कामात मला सर्व्हर जवळून बघायला मिळाले. जिन्याखालची खोली, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, वर जुन्या खतावण्यांचे गठ्ठे, दारावर ‘प्रवेश निषिद्ध’. आतला डबा उघडला तर काउंटरवरच्या संगणकात असतं तेच सगळं. मेमरी थोडी जास्त, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून दोन हार्ड डिस्क आणि चोवीस तास फिरणारा पंखा. संस्थेचे चेअरमन मात्र त्या खोलीत चप्पल काढून जायचे.

पुढं गावोगावच्या ग्रामपंचायतींत आपले सरकार सेवा केंद्रं बसली. ती चालवणाऱ्या पोरापोरींना नेटवर्किंगची तोंडओळख करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. शेवगाव, पाथर्डी, नेवासा ही माझी मुख्य बाजू. समोर बसणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांची एमएस-सीआयटी झालेली असते. फॉर्म भरण्यात त्यांचा हात इतका चालतो, की मी थक्क होते. पण फॉर्म ‘सबमिट’ केल्यावर तो कुठं जातो असं विचारलं, की वर्ग छताकडे बघतो.

पहिल्या तासाला मी फळ्याला हात लावत नाही. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे आणि त्यात पायथॉन असतंच. मी एका फोल्डरमध्ये एक छोटं पान ठेवते. त्यावर लिहिलेलं असतं, चहा किती, कॉफी किती, बिनसाखरेचे कोण. मग टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एका ओळीची आज्ञा देते आणि सगळ्यांना सांगते, इथल्या वायफायला मोबाइल जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.७ टाका, पुढं दोन टिंबं आणि ८०००. क्षणात सगळ्यांच्या मोबाइलवर चहाची यादी येते. हा झाला सर्व्हर. लॅपटॉप कालही हाच होता, सर्व्हर नव्हता. कोणी मागितलं तर द्यायचं, असं सांगून एक प्रोग्रॅम मी त्याच्यावर बसवला आणि तो मागणीची वाट बघत थांबला, एवढाच फरक पडला.

त्याच काळ्या खिडकीत दर मागणीमागे एक ओळ उमटत जाते. कोणत्या मोबाइलनं, किती वाजता, काय मागितलं आणि काय मिळालं. शेवटी आकडा, २००. म्हणजे मागितलं ते दिलं. मधूनच एक ४०४ येतो. वर्गात लगेच गडबड, मॅडम एरर आली. ती एरर बघण्यासारखी असते. ब्राउझर आपल्याला न विचारता पानासोबत एक चिमुकलं चित्रही मागतो, टॅबवर नावाशेजारी लावायला. मी ते ठेवलेलंच नाही, म्हणून सर्व्हर सांगतो, तसली वस्तू माझ्याकडे नाही. ४०४ येण्यासाठी सर्व्हर जागा असावा लागतो, तुमची मागणी त्याच्यापर्यंत पोहोचावी लागते आणि त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत यावं लागतं. एवढं सगळं धड चालू असताना येणारा हा आकडा, आणि केंद्रावर त्यालाही ‘सर्व्हर डाउन’च म्हणतात.

मग मी कंट्रोल आणि सी दाबून तो प्रोग्रॅम बंद करते आणि पान पुन्हा उघडायला सांगते. मोबाइलवर ताबडतोब येतं, जोडणी नाकारली. यानंतर प्रोग्रॅम पुन्हा चालू करून लॅपटॉपचं वायफाय काढते. आता ताबडतोब काही येत नाही. चकरी फिरत राहते, फिरत राहते आणि मग येतं, पोहोचता येत नाही. या दोन प्रसंगांतला फरक वर्गाला स्वतःच्या तोंडानं सांगायला लावते, मी सांगत नाही. झटकन नकार मिळाला, तर यंत्र जागेवर आहे, काम करणारा प्रोग्रॅम उठलेला नाही. नुसतीच चकरी असेल, तर निरोप पोहोचलाच नाही किंवा उत्तर वाटेत राहिलं. पाथर्डीच्या डोंगरकडेचा एक केंद्रचालक यावर म्हणाला होता, “म्हंजी मॅडम, नाही म्हणणारा माणूस घरी असतो.” त्याचं वाक्य मी पुढच्या सगळ्या वर्गांत वापरलं. त्याला मानधन द्यायला हवं होतं.

नवशिक्यांना हे शिकवण्याची जी तयार पुस्तकं मिळतात, त्यांत सर्व्हर हा हॉटेलातला वेटर असतो, आयपी पत्ता म्हणजे घराचा पत्ता, पोर्ट म्हणजे दार, राउटर म्हणजे पोस्टमन. मला ही दाखल्यांची भाषा फारशी मानवत नाही. वेटर ऐकताना कळल्यासारखा वाटतो, पण साइट अडली की त्या वेटरकडून काही निघत नाही. वेटर रजेवर आहे की स्वयंपाकघरात गॅस संपलाय, हे ओळखायला केंद्रचालकाच्या हातात काही येत नाही. दाखवता येण्याजोगी वस्तू असेल तर तीच दाखवावी. लॅपटॉप समोर आहे, आयपी पत्ता काळ्या खिडकीत दिसतोय, पोर्टचा आकडा त्यांनी स्वतः टाइप केलाय. एकदा मी ८००० च्या जागी ८००१ वर तोच प्रोग्रॅम चालवला आणि अर्धा वर्ग जुन्याच आकड्यावर खटपट करत बसला. एकाच यंत्रावर अनेक कामं चालतात, प्रत्येकाचा आकडा वेगळा, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागलं नाही. वेबची साधी पानं ८० वर, कुलूपवाली ४४३ वर. हे आकडे आपण टाइप करत नाही, कारण ब्राउझरला ते पाठ आहेत.

आयपी पत्त्यावर मात्र दरवेळी एक हुशार मूल मला अडवतं. सगळ्यांना आपापल्या केंद्रातल्या संगणकाचा पत्ता बघून यायला सांगितलेलं असतं. दुसऱ्या दिवशी निम्म्यांचा पत्ता १९२.१६८.१ नं सुरू होतो. नेवाशाकडच्या एका मुलीनं आणि शेवगावच्या एका मुलानं तर अगदी सारखा पत्ता लिहून आणला. “मॅडम, आमच्या दोघांचा एकच कसा? मग माझा दाखला त्याच्याकडं जाईल ना.” प्रश्न रास्त आहे. चार आकड्यांचे हे जुने पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, आणि जगात माणसंच त्याहून जास्त. म्हणून १९९६ साली काही आकडे घरगुती वापरासाठी कायमचे बाजूला काढून ठेवले. १० नं सुरू होणारे, १९२.१६८ नं सुरू होणारे, आणि १७२ मधले थोडे. ते कोणीही आपल्या चार भिंतींच्या आत वापरावेत, बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. मागणी राउटरमधून बाहेर पडताना राउटर घरचा पत्ता पुसून स्वतःचा बाहेरचा पत्ता लावतो आणि कोणाची मागणी कोणती, याची नोंद स्वतःजवळ ठेवतो. उत्तर आलं की नोंद बघून आत ज्याचं त्याला देतो. राउटर बंद करून चालू केला की ती नोंद पुसली जाते. मधेच अडकलेले फॉर्म मग पुन्हा पहिल्यापासून भरावे लागतात. ‘राउटर बंद करून चालू कर’ हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय आहे, पण फॉर्म अर्धा भरलेला असताना करू नये. नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते, आयपीव्ही६, आले आहेत. भारत ते वापरण्यात पुढे आहे आणि मोबाइलवर तुम्ही ते नकळत वापरताच. वर्गात मी त्यांच्या वाटेला जात नाही.

नावांचं प्रकरण त्याच्या पुढचं. ब्राउझरमध्ये आपण नाव टाकतो, यंत्राला आकडा लागतो. नावावरून आकडा सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ती पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एका फाइलमध्ये असायची आणि ती फाइल ज्यानं त्यानं उतरवून घ्यायची. २०१४ पासून ‘डॉट भारत’ असा देवनागरी शेवट असलेली नावंही मिळतात, हे ऐकून पोरं खूश होतात. मग त्यांतली किती वापरात दिसतात असं विचारून तीच मला गप्प करतात.

एवढं झालं की माझी शिडी येते. अडलं तर खालच्या पायरीपासून वर जायचं, उडी मारायची नाही. केबलच्या टोकाशी दिवा लुकलुकतोय का. राउटरला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक, जातंय का. बाहेर ८.८.८.८ ला पिंग जातंय का. हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता, लक्षात ठेवायला सोपा म्हणून. तिथंपर्यंत पोहोचतंय पण नावानं काहीच उघडत नाही, तर डीएनएस. दुसऱ्या साइट उघडतात, हीच उघडत नाही, तर अडचण तिकडची. सरकारी सर्व्हरला थेट पिंग करून निकाल काढायचा नाही हे वेगळं सांगावं लागतं, कारण सुरक्षेसाठी बरेच जण पिंगला उत्तर देणंच बंद ठेवतात. उत्तर आलं नाही म्हणजे मेला, असं नसतं. पिंग हा छोटा प्रोग्रॅम माइक म्यूस या अमेरिकी माणसानं १९८३ च्या डिसेंबरात लिहिला. त्याच्या नावानं मी अधूनमधून चहा पिते.

शिडीत न बसणाऱ्या दोन गोष्टी मला गावांनीच शिकवल्या. एका केंद्रावर सगळ्या सरकारी साइट, बँकेची साइट, सगळं एकदमच ‘सुरक्षित नाही’ असं लाल अक्षरात दाखवत होतं. नेट व्यवस्थित, पिंग व्यवस्थित. दुपारपर्यंत गावात बातमी पसरली, की पूर्ण महाराष्ट्राचा सर्व्हर हॅक झालाय. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली तारीख होती, काही वर्षांपूर्वीची. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता. वीज गेली की संगणक काळ विसरायचा. साइटच्या ओळखपत्राला मुदत असते, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. संगणकाच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नव्हती, म्हणून तो प्रत्येक साइटला तोतया ठरवत होता. सेल घड्याळवाल्याच्या दुकानात मिळाला. गावातल्या चर्चेत मात्र हॅकिंग पुढं बरेच दिवस टिकलं.

दुसरी गोष्ट अंगठ्याच्या यंत्राची. अंगठा लागत नाही आणि पडद्यावर सेवा सापडत नाही असं येतं, तेव्हा सगळे आधारच्या सर्व्हरला दोष देतात. पण त्या यंत्राचं सॉफ्टवेअर, ज्याला आरडी सर्व्हिस म्हणतात, ते तुमच्याच संगणकावर सर्व्हर होऊन बसलेलं असतं. पत्ता १२७.०.०.१, म्हणजे स्वतः आपण, आणि पोर्ट १११०० ते १११२० यांपैकी एखादं. ब्राउझर त्याला तिथं शोधतो. ते बंद पडलं असेल तर मागणी संगणकाच्या डब्याबाहेर पडलेलीच नसते. माझ्या पहिल्या तासाच्या चहाच्या यादीचा उपयोग इथं होतो. आपला स्वतःचा संगणकही सर्व्हर असू शकतो, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, ते मुंबईला शिव्या द्यायच्या आधी आरडी सर्व्हिस चालू करून बघतात.

दाखल्यांबद्दल वर एवढं बोलले, तरी एक दाखला मी हक्कानं वापरते, कारण तो आमच्या तालुक्यांचा स्वतःचा आहे. मुळा धरण राहुरीजवळ, बारागाव नांदूरला. त्याचा उजवा कालवा राहुरी, नेवासा करत शेवगाव-पाथर्डीकडे येतो. आवर्तन सुटलं की कालवा किती क्युसेकनं चालतोय याची चर्चा आमच्याकडे चहाच्या टपरीवर होते, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाला क्युसेकपेक्षा मोठी काळजी असते, ती पाणी आपल्या चारीला कधी पोहोचणार याची. नेटचं अगदी हेच आहे. कंपनी जाहिरात करते शंभर एमबीपीएस, ते क्युसेक, म्हणजे बँडविड्थ. दाराशी सोडलेलं पाणी टेलला यायला लागणारा वेळ वेगळा, त्याला लेटन्सी म्हणतात, आणि पिंग तोच, जाऊन-येऊनचा, मिलिसेकंदात दाखवतं. पाट रुंद केला म्हणून पाणी टेलला लवकर येईलच असं नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नगर-मुंबई अडीचशे किलोमीटर धरलं तर एका बाजूला सव्वा मिलिसेकंद. प्रत्यक्षात पिंग त्याच्या कितीतरी पट येतो, कारण वाट सरळ नसते आणि मधल्या प्रत्येक दारावर थांबावं लागतं. बँकांच्या आडवळणाच्या शाखांना उपग्रहाची जोडणी असते, तो उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर. जाऊन-येऊन अर्धा सेकंद नुसत्या अंतरातच जातो; कितीही पैसे भरा, प्रकाश घाई करत नाही. आणि वरच्या अंगाला मोटारी टाकून पाणी उचलणारे? तेही आहेत. संध्याकाळी सगळी गल्ली सिनेमा बघायला बसली की टेलचं केंद्र कोरडं.

हा दाखला ऐकून एका वर्गात जो वाद पेटला, तो नेटवर्किंगचा राहिलाच नाही. नेवाशाचे विरुद्ध पाथर्डीचे. टेल टू हेड पाणी द्यायचं ठरलं असताना हेडवाले आधी का भिजवतात, इथपासून सुरुवात झाली. मी अर्धा तास फळा पुसत उभी होते. पण लेटन्सी आणि बँडविड्थ यांतला फरक त्या वर्गातला एकही जण विसरला नसेल.

रेंज आणि नेट यांतला फरकही गावच शिकवतं. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा असते. गर्दीत मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या आणि साधा मेसेज जात नाही. काड्या सांगतात टॉवरचा आवाज तुम्हाला किती स्पष्ट येतोय. त्या टॉवरकडं तुमच्यासाठी वेळ आहे का, हे त्या सांगत नाहीत.

फायबर तुटण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाइपलाइनचं किंवा रस्त्याचं काम निघतं, जेसीबी येतो, तार जाते. जोडणारी माणसं ओटीडीआर नावाचं यंत्र घेऊन येतात. ते तारेत प्रकाशाची चुणूक सोडतं आणि तुटल्या जागेवरून परत यायला किती वेळ लागला त्यावरून सांगतं, इथून इतक्या मीटरवर. मला ते यंत्र फार आवडतं. पूर्ण जिल्ह्यात ‘कुठं अडलंय’ याचं उत्तर मीटरमध्ये देणारं तेवढंच एक असावं. एका ग्रामपंचायतीत मात्र तेही आणून उपयोग झाला नाही. तार शाबूत होती. भिंतीवरच्या डब्याचा प्लग काढून कोणीतरी तिथं मोबाइल चार्जिंगला लावला होता.

हे सगळं कशासाठी शिकवायचं, असं मला एका केंद्रचालकानं सरळ विचारलं होतं. “आम्हाला काय सर्व्हर दुरुस्त करायचाय का? शेतकऱ्याला सांगितलं डाउन आहे, तो जातो.” त्याच्या केंद्रावर मी त्या दिवशी थांबले. एक म्हातारे गृहस्थ आले, डोक्याला पागोटं, वाडीवरून एसटीनं आलेले. त्यांनाही तेच वाक्य मिळालं. ते ओट्यावर बसले नाहीत. खिडकीशी उभे राहून म्हणाले, “बाबा, डाउन आहे ते कळलं. मी थांबू का जाऊ? साडेबाराची गाडी गेली की मग पाचची.” त्या पोराला काही सांगता येईना. साइटवर ५०३ दिसत होता. ५०३ म्हणजे सर्व्हर उभा आहे, पण आत्ता नवी मागणी घेण्याच्या अवस्थेत नाही. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात दुपारी ५०३ आला, की संध्याकाळपर्यंत तो हटण्याची आशा फारशी नसते आणि रात्री दहानंतर बहुधा काम होतं. तेव्हा म्हाताऱ्याला कागद ठेवून साडेबाराच्या गाडीनं परत पाठवणं शहाणपणाचं. तेच फक्त केंद्राचं नेट गेलं असतं, तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दहा मिनिटांत काम झालं असतं, आणि ‘थांबा बाबा’ म्हणता आलं असतं. अंगठ्याच्या यंत्राची सेवा बंद असती, तर दोन मिनिटं. फायबर तुटली असती, तर उद्या या. चारही वेळा खिडकीतून एकच वाक्य जातं आणि म्हातारा चारही वेळा पाचच्या गाडीपर्यंत बसतो.

हे वाक्य सगळ्यांच्या सोयीचं आहे, हे मला इतक्या वर्षांत पुरतं पटलंय. केंद्रचालकाला त्यानं दोष लागत नाही. वरच्या कार्यालयाला लागत नाही, कारण कोणाचा सर्व्हर, कधीपासून, हे कोणी विचारत नाही. साइट बांधणाऱ्यांनाही बरं. शेवटच्या तारखेला किती लोक येणार याचा अंदाज चुकला असं म्हणावं लागत नाही. काही केंद्रांवर जेवणाच्या सुट्टीलाही सर्व्हर डाउन असतो. त्याबद्दल मी वर्गात बोलते तेव्हा सगळे हसतात आणि काही जण जरा जास्तच हसतात.

आमच्या भागातल्या केंद्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आता निदान निरोपाचं रूप बदललंय. पूर्वी सकाळी अकराला एकजण ‘डाउन का?’ लिहायचा आणि खाली ‘हो’, ‘हो’, ‘हो’ची माळ लागायची. आता ‘८.८.८.८ जातंय, साइट ५०४’ असं येतं. ५०४ म्हणजे पुढचा सर्व्हर जागा आहे, तो ज्याला विचारतोय तो मागचा वेळेत उत्तर देत नाहीये; पान उघडेल, माहिती येणार नाही. त्यावरून ठरवता येतं, की फोटो-कागद स्कॅन करून ठेवायचे आणि सबमिट रात्री करायचं. एकानं तर खिडकीबाहेर पाटी लावली आहे. त्यावर रोज खडूनं तीनपैकी एक लिहितो: ‘थांबा’, ‘कागद ठेवून जा’, ‘उद्या या’. सर्व्हर हा शब्द पाटीवर नाही.

एका प्रश्नापुढं मात्र माझी शिडी तोकडी पडते. आजीबाई पैसे काढायला येतात, अंगठा लावतात, चकरी फिरते, वेळ संपल्याचा निरोप येतो. पावती नाही. थोड्या वेळानं आजीच्या नातवाच्या मोबाइलवर मेसेज, खात्यातून पैसे वजा. केंद्रचालक म्हणतो माझ्याकडे आले नाहीत, आजी म्हणते माझे गेले, दोघंही खरं बोलतात. इथं मागणी पोहोचली, बँकेच्या सर्व्हरनं काम केलं आणि उत्तर परतीच्या वाटेत हरवलं. पण मागणीच वाटेत हरवली असती, तरी केंद्राच्या पडद्यावर हेच आणि एवढंच दिसलं असतं. या टोकाला बसून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, आणि निरोप हरवू शकणाऱ्या तारेवर कितीही उलटसुलट खात्रीचे निरोप पाठवले तरी दोन्ही टोकांना पक्की खात्री देणारी युक्ती असूच शकत नाही. हे संगणकशास्त्रात १९७०च्या दशकातच सिद्ध झालंय. मी हे वर्गात सांगते, तेव्हा पोरांना वाटतं मॅडम पळवाट काढतायत.

म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक असतो. तोच क्रमांक घेऊन चौकशी करता येते, की याचं काय झालं. नव्यानं अंगठा लावला तर नवा क्रमांक पडतो, आणि सर्व्हरच्या दृष्टीनं तो दुसराच व्यवहार असतो. तो दुसऱ्यांदा पैसे वजा करायला मोकळा. रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मुदती घालून दिल्या आहेत. आधारच्या अंगठ्यावरच्या व्यवहारात खात्यातून पैसे गेले आणि केंद्रावर खात्रीचा निरोप आला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. त्यापुढं दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न बघता.

शेवगावच्या वर्गात हे सांगून झाल्यावर एक मुलगी उठली. तिचं केंद्र बाजारतळाजवळ आहे, निराधार योजनेच्या पैशांच्या दिवशी तिच्याकडे रांग असते. म्हणाली, “मॅडम, पाच दिवस बरोबर आहे. पण आजीला आज औषधं घ्यायची असतात. अंगठा परत लाव म्हणून तीच माझा हात धरते. मी काय करू?” मी सांगितलं, आधी मिनी स्टेटमेंट काढ. पैसे गेलेले दिसले, तर अंगठा लावू देऊ नको, क्रमांक कागदावर लिहून तिच्या पिशवीत घाल. गेलेले दिसले नाहीत, तरी थोडं थांबून पुन्हा एकदा बघ, मगच लाव. औषधांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं वहीत ‘मिनी स्टेटमेंट आधी’ असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, मिनी स्टेटमेंटच्या वेळीही चकरी फिरली तर?